फराहबागेचे पाणी

नगरला पाहण्यासारखे काय आहे, असे कुणी विचारले की आम्ही नगरकर जरा चाचरतो. शिर्डी आणि शनिशिंगणापूर ही उत्तरे जिभेवर तयार असतात, पण ती जिल्ह्याची. शहरातले म्हणून सांगायचे तर भुईकोट किल्ला, जिथे नेहरू १९४२ ते १९४५ कैदेत होते. मग रणगाड्यांचे संग्रहालय. मग डोंगरावरचा 'चांदबीबीचा महाल', जो चांदबीबीचा नाही आणि महालही नाही. ती सलाबतखानाची कबर आहे. फराहबागेचे नाव आलेच तर अगदी शेवटी येते. (२०२४ पासून शहराचे आणि जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे. पण 'नगर' दोन्ही नावांत आहे, तेव्हा इथे बोलण्यातले 'नगर'च ठेवतो.)

आता एकदम फराहबाग कुठून आठवली? तर आमचा एक चुलतभाऊ (नाव लिहीत नाही, घरच्यांना कळेलच) डोंगरगणच्या बाजूच्या आमच्या जुन्या वावरात 'इको स्पा' काढायचे म्हणतो आहे. दगडी खोल्या, मातीचा गिलावा, तेलाचे मालिश, वाफेची खोली आणि मधोमध पोहण्याचा निळा तलाव. पुण्याहून लोक शनिवारी येतील, रविवारी परत जातील. कल्पना वाईट नाही, कोरडवाहू जमिनीत बाजरीपेक्षा बरे उत्पन्न निघेल. माझ्याकडे काम आले ते माहितीपत्रकात घालायला इतिहासाच्या चार ओळी लिहून देण्याचे. "निजामशाहीपासून चालत आलेली परंपरा वगैरे, तुला जमतं ते." आर्किटेक्टने म्हणे मथळाही सुचवला आहे, 'ज्वालामुखीच्या कुशीत'. चार ओळी लिहायला बसलो आणि त्यांचे हे एवढे झाले.

मथळा तसा खोटा नाही. नगर जिल्हा म्हणजे दख्खनच्या पठाराचाच तुकडा, आणि हे पठार साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वी थरावर थर ओतत गेलेल्या लाव्ह्याचे आहे. पण आइसलँड किंवा जपानसारखे इथे जमिनीखाली आता काही धगधगत नाही. तिकडे गरम पाणी आयते मिळते. आइसलँडमधला प्रसिद्ध 'ब्ल्यू लगून' तर स्वार्त्सेंगीच्या भूऔष्णिक वीजकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यावर उभा आहे. म्हणजे एका अर्थी कारखान्याचे सांडपाणीच, फक्त गरम आणि त्वचेला चांगले. आपल्याकडची वज्रेश्वरी, राजापूर, उन्हवरे ही सगळी उन्हाळी सह्याद्रीच्या पलीकडे कोकणात. नगरसाठी ज्वालामुखीने मागे ठेवला तो दगड. पाणी आणावे लागते, आणि गरम हवे असेल तर सरपण जाळून तापवावे लागते. पाऊस वर्षाला पाचसहाशे मिलिमीटर, तोही त्याच्या मनात आले तर.

शिवाय हा काळा कातळ पाण्याच्या बाबतीत भलता कंजूष. त्याच्या अंगात पाणी मुरत नाही. ते राहते फक्त वरच्या मुरमात, भेगांमध्ये आणि लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या ठिसूळ पट्ट्यांत. डोंगरावर पडलेला पाऊस या पट्ट्यांतून उतरत उतरत जातो, आणि खाली घट्ट कातळ लागला की पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतो. नगरच्या उत्तरेला नि पूर्वेला जे डोंगर दिसतात त्यांच्या कुशीत असे झरे आहेत. डोंगरगणची ती हिरवी घळ, जिला इंग्रजांनी 'हॅपी व्हॅली' म्हटले, ती त्यामुळेच. बाकी चहूकडे माळ आणि तिथेच झाडी, असे का, हा प्रश्न लहानपणी तिथे सहलीला गेल्यावर पडायचा. त्याचे उत्तर एवढेच आहे.

मलिक अहमदने १४९० नंतर सीना नदीच्या काठी हे शहर वसवले तेव्हा त्याच्या माणसांनी हे पाणी बरोबर हेरले. डोंगरपायथ्याचे पाणी भूमिगत वाटेने गावात आणायची रीत इराणात फार जुनी, आणि निजामशाही दरबारात इराणी मंडळी पुष्कळ. उंचावरच्या विहिरींत आणि टाक्यांत झिरप गोळा करायची, आणि तिथून खापरी नळांतून, म्हणजे भाजलेल्या मातीचे नळ एकात एक बसवून, सांधे चुन्याने बंद करून, ती शहरात आणायची. उतार असा धरायचा की पाणी आपसूक चालत राहील; फार जोरात नाही, नाहीतर नळ फुटतील, आणि फार सावकाशही नाही, नाहीतर गाळ बसेल. मधे मधे हवा सुटायला आणि नळ साफ करायला उच्छ्वास. अशा नहरी एक-दोन नव्हेत, कापूरवाडी, वडगाव, शेंडी, भिंगार, शहापूर, नागाबाई अशी नावे लागोपाठ सापडतात. पंप नाही, वीज नाही, बैलसुद्धा नाही. इंग्रज आले तेव्हाही यांतल्या काही चालू होत्या, आणि नगरपालिकेने दुरुस्त करून त्या वापरल्या. शहरातल्या जुन्या माणसांना खणताना सापडणारे खापराचे तुकडे माहीत आहेत. नहर कुठून जायची ते त्यावरून कळायचे.

फराहबाग ही या नहरींची चैन.

'फराह' म्हणजे आनंद. शहराच्या आग्नेयेला, भिंगारच्या छावणीकडे, मोठ्या तलावाच्या बरोबर मधोमध ही दुमजली वास्तू. पाणी सुमारे १५० फूट रुंद आणि १७ फूट खोल असायचे, आणि महालात जायला तलावातून बांधलेली एक वाट. आराखडा अष्टकोनी, मधे घुमटाचे उंच दालन, आणि चारही बाजूंना तशाच उंच कमानी, ज्यांच्यातून आरपार आभाळ दिसते. हिची जन्मकथा मोठी गमतीची आहे. दुसऱ्या पिढीतल्या बुऱ्हाण निजामशहाच्या काळापासून या कामाचा उल्लेख होतो. पुढे मुर्तजा निजामशहाचा वजीर चंगीझखान याने काम हाती घेतले, नियामतखानाने महाल उभा केला, आणि तो पसंत पडला नाही म्हणून चक्क पाडला. मग सलाबतखानाने नव्याने बांधून १५८३ मध्ये पुरा केला. मुर्तजा इथे दिल्लीच्या एका गवयाबरोबर बुद्धिबळ खेळत बसायचा असे सांगतात. त्याला 'फतेहशहा' नाव देऊन त्याच्यासाठी बागेत निराळा 'लक्कड महाल' बांधून दिला म्हणे. शहाजहानला ताजमहाल हिच्यावरून सुचला अशी एक दंतकथा नगरमध्ये हमखास ऐकवली जाते. ज्याला तिचे सुख वाटते त्याने घ्यावे, मला काही ती पटत नाही. फराहबागेला मोठे म्हणायला आग्र्याचे प्रमाणपत्र कशाला लागते?

एप्रिल-मे महिन्यात नगरचा पारा चाळीसच्या वर जातो आणि हवा अशी कोरडी की ओठ फुटतात. अशा हवेत हा महाल गार राहायचा तो कसा, ते पाहण्यासारखे आहे. भिंती अतोनात जाड, काळ्या दगडाच्या, वरून चुन्याचा गिलावा. उन्हाची झळ एवढ्या जाडीतून आत पोचेपर्यंत रात्र होते, आणि रात्री कमानींतून वारा खेळून ती झळ परत घेऊन जातो. आमच्या आजोळच्या वाड्याला माळवद होते. लाकडाच्या तुळया, त्यावर किलच्या, त्यावर पांढऱ्या मातीचा हात-दीड हात थर. भर दुपारी बाहेर काहिली असताना आत जमिनीवर उघड्या अंगाने पडले की थंडी वाजायची. (मामाकडच्या मंडळींना हे आठवत असेल; पावसाळ्याआधी माळवदावर चिकणमाती पसरायला सगळ्यांना वर चढवायचे तेही आठवत असेल.) तत्त्व तेच. कुणब्याच्या माळवदात आणि शहाच्या महालात या बाबतीत फार फरक नाही.

फरक आहे तो तलावाचा. पाण्यावरून येणारा वारा गार का लागतो, तर पाणी वाफ होताना भोवतालची उष्णता घेऊन जाते. माठ गार राहतो तो यामुळेच. फराहबाग म्हणजे एक प्रचंड माठ होता. आणि माठ पाझरतो म्हणूनच गार राहतो, पक्का केला तर पाणी वाचेल पण गार होणार नाही. आता हिशेब बघा. दख्खनच्या पठारावर उघड्या पाण्यातून वर्षाला साधारण दीड ते दोन मीटर पाणी उडून जाते. वरून पडणारा पाऊस अर्धा मीटर. म्हणजे तलावाच्या प्रत्येक हातभर जागेत दर वर्षी किमान एक मीटर पाणी बाहेरून आणून ओतायला हवे, जमिनीत मुरेल ते निराळे. ते नहरीतून यायचे, शहराच्या पूर्वेच्या चढावरून. त्या चढावरही विहिरी, मळे, गुरेढोरे असणारच. बुद्धिबळाच्या पटावर जी गार झुळूक यायची तिची किंमत दुसरीकडे कुठेतरी पाण्यात मोजली जात होती.

या मुर्तजाचा शेवट कसा झाला हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसलो होतो. तो १५६५ मध्ये गादीवर आला. पुढे माणसांत यायचेच सोडले, कधी किल्ल्यात तर कधी उत्तरेच्या हश्त बिहिश्त बागेत एकटा राहू लागला. लोक त्याला 'दिवाणा' म्हणत आणि कारभार सलाबतखान पाही. मुलाबद्दल मनात संशय. मीरान हुसेन झोपलेला असताना त्याच्या अंथरुणाला बापाने आग लावली, मुलगा कसाबसा वाचून दौलताबादला गेला. १५८८ मध्ये तो माणसे घेऊन परत आला, आणि बापाला हमामखान्यात कोंडले. दारे, झरोके बंद केले, खाली मोठा जाळ केला. कोंडलेल्या वाफेत आणि धगीत मुर्तजा गुदमरून मेला. हे लिहून ठेवणारा फरिश्ता त्या दिवशी शहाच्या पहाऱ्यावर होता. त्याच्यासोबतची माणसे कापली गेली आणि तो वाचला, कारण मीरान त्याच्या लहानपणच्या ओळखीचा. मीराननेही काही वर्षभर राज्य केले नाही, १५८९ मध्ये त्याचाही खून झाला. ज्याने आरपार वाऱ्याचा महाल बांधून घेतला, तो पाच वर्षांनी झरोके बुजवलेल्या खोलीत मेला.

हमाम म्हणजे फराहबागेच्या नेमके उलट यंत्र. फराहबागेत हवा खेळती ठेवायची, हमामात अडवायची. जमिनीखाली पोकळी, तिच्यात जाळ, गरम हवा फरशीखालून आणि भिंतीतल्या नळांतून फिरवायची. घुमटाला बारीक झरोके, तेही झाकता येणारे. पाणी कमी लागते, सरपण फार. हे सगळे माहितीपत्रकात कसे घालायचे मला सुचले नाही. "वाफेच्या खोलीची निजामशाही परंपरा" असे लिहून द्यावे तर परंपरा ही अशी!

आमच्या वावराला जवळचे निजामशाही ठिकाण म्हणजे मांजरसुंबा. डोंगरगणच्या वरच्या अंगाला हा छोटा गड आहे, लढाईचा कमी आणि विश्रांतीचा जास्त. वर महालाचे आणि हमामखान्याचे अवशेष आहेत, पाण्याची टाकी आहेत, आणि खालचे पाणी मोटेने टप्प्याटप्प्याने वर चढवण्यासाठी बांधलेली उंच इमारत आहे. इथे नहर चालत नाही, कारण पाणी खाली आणि महाल वर. मग बैल आले, माणसे आली. कड्यावर उभे राहून खालची हिरवी घळ पाहताना गार वारा लागतो तेव्हा वाटते, वा, काय जागा निवडली आहे! आणि त्या पडक्या इमारतीपाशी आले की वाटते, किती माणसांनी किती दिवस मोट हाकली असेल, एका माणसाच्या आंघोळीसाठी.

चुलतभावाच्या दगडी खोल्यांना माझा विरोध नाही, उलट हवाच आहे तसा दगड. काच आणि पत्रा लावून आत एसी बसवण्यापेक्षा जाड भिंत आणि माळवद शतपटीने बरे. प्रश्न त्या निळ्या तलावाचा आहे. वीस मीटर लांब, दहा मीटर रुंद असा तलाव धरला तर वर्षाला तीन ते चार लाख लिटर पाणी नुसते उडून जाईल. बारा हजार लिटरचा टँकर धरला तर पंचवीस ते तेहतीस टँकर, कुणी त्यात पायही न बुडवता. हे पाणी विहिरीचे, आणि त्या विहिरीत आमच्याखेरीज आणखी दोन घरांची पाळी आहे. मे महिन्यात तिचा तळ दिसतो. बोअर घेऊ म्हणशील तर बोअर त्याच भेगांतले पाणी ओढणार, फक्त खालून. हे मी त्याला सांगितले. म्हटले, तलाव ठेव, पण कुंडासारखा ठेव. श्रावणात भरू दे, फाल्गुनात रिकामा होऊ दे. तो म्हणाला, "दादा, रिकामा तलाव बघायला पैसे देऊन कोण येईल?" यावर माझ्यापाशी चांगले उत्तर नव्हते आणि अजूनही नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांनी दिवाळीत हा विषय काढावा, एवढ्यासाठी इथे लिहून ठेवतो.

आपल्याच तालुक्यात हिवरे बाजार आहे. तिथे १९८९ पासून पोपटराव पवार आणि गावकऱ्यांनी डोंगरावर चर खणले, झाडे लावली हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मला त्यांचे मोठेपण दिसते ते दुसऱ्याच गोष्टीत. ते दर वर्षी पावसाचे मोजमाप करून गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून कुठले पीक घ्यायचे ते ठरवतात. शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी आहे. तोच दगड, तोच अपुरा पाऊस. म्हणजे हिशेब मांडणे या मातीत अशक्य नाही. चार माणसांना एकत्र बसावे लागते, इतकेच, आणि भाऊबंदकीत तेच अवघड.

फराहबागेचा तलाव आज कोरडा आहे. १६०० मध्ये किल्ला मोगलांनी घेतला, राजधानी गेली, मग नहर राखायला कुणाला पडले होते? एक सांधा निखळला, एका ठिकाणी मुळे शिरली, की खापरी नळ संपला. इंग्रजांच्या काळात या बागेत रेशमाच्या किड्यांसाठी तुती लावून पाहण्याचे प्रयोग झाले, तेही टिकले नाहीत. आता उंच कमानी तेवढ्या उभ्या आहेत आणि त्यांच्यातून वारा येतो तो गरम.

ज्या सलाबतखानाने तो महाल पुरा केला, त्याच्याच नावावर भातोडीचा तलावही जातो. नगरच्या पूर्वेला, मातीच्या बांधाचा. यात चैन काही नाही; नाल्याला येणारे पावसाचे पाणी अडवायचे आणि खालच्या रानाला द्यायचे. १६२४ च्या लढाईत मलिक अंबरने हा तलाव फोडला, मोगल आणि आदिलशाही फौजांच्या छावणीत चिखल करून त्यांची दाणादाण उडवली. शहाजीराजांचे भाऊ शरीफजी याच लढाईत पडले. (हा अंबर मूळचा गुलाम, आणि त्याला नगरला विकत घेणारा धनी म्हणजे फराहबागेचे काम हाती घेणारा चंगीझखानच. पुढे त्याने खडकी, म्हणजे नंतरचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवले तेव्हा पहिल्या मोठ्या कामांत शहरासाठी नहर काढली. नगरच्या नहरी त्याने तरुणपणी पाहिल्या असणार.) एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या पाटबंधारे खात्याने भातोडीचा बांध पुन्हा बांधला, त्यालाही आता दीडशे वर्षे होत आली. पाऊस चांगला झाला की हा तलाव अजून भरतो, पाणी सांडव्यावरून जाते, आणि आसपासच्या गावांतली माणसे ते बघायला पोराबाळांना घेऊन बांधावर येतात.